कार्डातला मुनीम

1988 साली जर्मनीतल्या फोटोकिना प्रदर्शनात फुजीने डीएस-1पी नावाचा कॅमेरा मांडला. त्यात रोल नव्हता. फोटो आकड्यांच्या रूपात एका कार्डावर उतरत. तोशिबाच्या साथीने घडवलेलं ते कार्ड दोन मेगाबाइटचं, पाच ते दहा फोटोंत भरणारं. त्यातली मेमरी वीज असेतोवरच सगळं लक्षात ठेवणारी, त्यामुळे जोडीला बॅटरी आलीच. बॅटरी मेली की फोटोही गेले. हा कॅमेरा बाजारात आला नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

यावरचा इलाज तोशिबाच्याच घरात तयार होत होता. त्या काळच्या ईप्रॉम चिपवर लिहिलेलं वीज गेली तरी राहायचं, पण पुसायचं म्हटलं की चिप उपसून काढायची आणि तिच्या माथ्यावरच्या काचेच्या खिडकीतून वीसेक मिनिटं अतिनील प्रकाश द्यायचा. विजेच्याच झटक्याने मोठा भाग एकदम पुसता येईल, हे तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी दाखवलं. ते झटक्यात पुसणं पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. पहिली रचना 1984 मध्ये जाहीर झाली. 1987 मध्ये आली नँड. यात मेमरीच्या पेशी साखळीने जोडलेल्या असतात, म्हणून कमी जागेत जास्त माहिती मावते आणि खर्चही कमी येतो. मासुओकांनी 1994 मध्ये कंपनी सोडली, पुढे मोबदल्यासाठी दावा लावला आणि 2006 मध्ये 8.7 कोटी येनवर तडजोड झाली. जगभर या शोधावर झालेल्या उलाढालीपुढे ही रक्कम चिल्लरच.

नँड स्वस्त असली तरी खोडीची. प्रत्येक पेशीत इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ थराआड कोंडलेले असतात. लिहिताना-पुसताना ते त्या थरातूनच आत-बाहेर ढकलावे लागतात आणि दर खेपेला थर थोडा झिजतो. पेशींचे गट, म्हणजे ठोकळे, काही तर कारखान्यातूनच नासके निघतात. शिवाय एकेक अक्षर खोडता येत नाही, अख्खा ठोकळा पुसावा लागतो. कुठला ठोकळा बाद, कुठला जास्त वापरला गेला, कुठला फोटो कुठे ठेवला, याची खातेवही रोजच्या रोज लिहिणारा मुनीम हवाच. प्रश्न एवढाच की त्याला बसवायचं कुठे, कार्डात की कॅमेऱ्यात?

मला विचाराल तर मेमरी कार्डाचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. एली हरारी, जॅक युआन आणि मूळचे कानपूरचे संजय मेहरोत्रा यांनी काढलेल्या सॅनडिस्कने 1994 मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आणलं. जाडसर, पन्नास पिनांचं, आणि मुनीम आतच. कॅमेऱ्याला ते कार्ड साध्या हार्ड डिस्कसारखं दिसायचं. पुढच्याच वर्षी तोशिबाचं स्मार्टमीडिया आलं. जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर, सोनेरी पट्ट्या उघड्या, दिसायला फार देखणं. नाव स्मार्ट, पण डोकं कॅमेऱ्याचं. परिणाम असा की जुना कॅमेरा नवं मोठं कार्ड ओळखायचाच नाही, आणि 128 मेगाबाइटवर सगळं थांबलं. एवढं होऊनही 2002 मध्ये ऑलिंपस आणि फुजीने एक्सडी कार्ड काढलं तेही मुनिमाविनाच! पुढच्यास ठेच लागली तरी मागचा शहाणा होतोच असं नाही. सोनीची मेमरी स्टिक हा निराळा हट्ट, त्यात शिरत नाही.

बाजी मारली ती ऑगस्ट 1999 मध्ये जाहीर झालेल्या एसडी, म्हणजे सिक्युअर डिजिटल, कार्डाने. पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबाचं हे अपत्य, आणि मुनीम आतच. त्याच्या नावातला ‘सिक्युअर’ फोटोंसाठी नव्हे, गाण्यांसाठी. एमपीथ्रीने धास्तावलेल्या संगीत कंपन्यांना नकला रोखणारं कुलूप हवं होतं, ते यात घातलं. बोधचिन्हातला ‘डी’ तबकडीसारखा दिसतो, कारण तोशिबाने ते पुढे डीव्हीडीत विलीन झालेल्या आपल्या एका तबकडीसाठी काढलं होतं. कडेला सरकणारी ‘लॉक’ची पट्टी पाहा. तो नुसता प्लास्टिकचा तुकडा. आतल्या चिपशी त्याचा काही संबंध नाही. तो कुठे आहे हे कॅमेऱ्याची खाच चाचपते आणि लिहायचं की नाही ते कॅमेराच ठरवतो. गाण्यांच्या कुलपाचं म्हणाल, तर याच घराण्यातलं नखाएवढं मायक्रोएसडी तालुक्याच्या मोबाइलच्या दुकानात देऊन लोक त्यात शेकडो गाणी भरून घेत.

मुनीम कार्डात बसवल्याचा एक तोटाही झाला. कार्ड आपली क्षमता जेवढी सांगेल तेवढी कॅमेरा खरी मानतो. नकली कार्डांचा धंदा यावरच चालतो. आत मेमरी चार जीबीची, पण मुनिमाला पढवलेलं असतं, चौसष्ट सांग. पहिले काही फोटो नीट दिसतात. चार जीबी उलटले की पुढचे नुसते यादीत असतात, किंवा आधीच्यांवर लिहिले जातात. लग्नात याचा पत्ता लागण्यापेक्षा नवं कार्ड घरीच एकदा काठोकाठ भरावं आणि सगळ्या फायली परत उघडून पाहाव्यात.