मृताचें नांव : ‘द क्यूर’ आणि त्यांचें ग्रंथऋण

ज्या पुस्तकावर आपण वर्षानुवर्षें व्याख्यानें देत आलों, त्यांतील एक ढळढळीत गोष्ट आपल्या ध्यानांत कधींच आली नव्हती असें एकाएकीं उमगावें, आणि तेंही एका विद्यार्थ्याच्या साध्या प्रश्नानें, हा अध्यापकाच्या आयुष्यांतील मोठा खजील करणारा प्रसंग होय. तो माझ्यावर कांहीं वर्षांपूर्वीं आला. आल्बेर कामू या फ्रेंच ग्रंथकाराची १९४२ सालीं प्रसिद्ध झालेली ‘लेत्रांजे’ ही कादंबरी मी इंग्रजी भाषांतरांतून शिकवीत होतों. नायकाची तटस्थता, समुद्रकांठचें जाळणारें ऊन, न्यायालयाचा ढोंगीपणा या माझ्या नेहमींच्या मुद्द्यांपाशीं मी येऊन पोंचलों, तोंच मागल्या बाकावरून एकानें विचारलें, “सर, ज्याला मारलें त्याचें नांव काय?” मी पानें चाळूं लागलों. नांव कोठेंच नव्हतें. विद्यार्थी शांतपणें म्हणाला, “त्या गाण्यांतही नाहीं.”

तें गाणें कोणतें याची चौकशी करतां करतां मी ‘द क्यूर’ या इंग्रज बँडच्या इतिहासांत शिरलों. काळीं वस्त्रें, विसकटलेले केस आणि कानठळ्या बसविणारीं वाद्यें यांपलीकडे या संगीताविषयीं मला कांहीं माहिती नव्हती. परंतु जसजसा मी पुढें गेलों तसतसें दिसून आलें कीं, ही मंडळी आपल्यासारखींच पुस्तकें वाचणारीं माणसें आहेत, आणि वाचलेल्या पुस्तकाचें काय करावें हा आमचा प्रश्न त्यांनाही जन्मभर पुरला आहे.

लंडनच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यांत क्रॉली नांवाचें गांव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी बाहेर नेण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें जीं नवीं नगरें वसविलीं त्यांपैकीं हें एक. १९४७ सालीं त्याची निवड झाली. अशा आंखून वसविलेल्या नगरांत घर असतें, काम असतें, शाळा असते. नसते ती जुनी आठवण. येथील शाळकरी मुलांनीं १९७६ त ‘मॅलिस’, म्हणजे आकस, या नांवाची मंडळी जमविली. पुढील वर्षीं तिचें नांव ‘ईझी क्यूर’ झालें आणि १९७८ त ‘द क्यूर’ हें नांव कायम झालें. गाणारा व गिटार वाजविणारा रॉबर्ट स्मिथ १९५९ सालीं जन्मलेला. त्याचा शाळासोबती लॉल टॉलहर्स्ट ड्रम वाजवी आणि मायकेल डेम्प्सी बेस गिटार. हान्सा या जर्मन कंपनीनें स्पर्धेंतून निवडून त्यांच्याशीं करार केला, पण त्यांचीं स्वतःचीं गाणीं तिला रुचलीं नाहींत, आणि वर्षभरांतच दोघांचे मार्ग वेगळे झाले.

येथें परिभाषेचा थोडा खुलासा करणें अवश्य आहे. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडांत ‘पंक’ नांवाचें बंड झालें. संगीत येण्यासाठीं वर्षानुवर्षांची तालीम हवी, ही समजूत त्यानें झुगारून दिली. दोन-तीन स्वरमेळ येत असले आणि मनांत संताप असला कीं पुरे, असा त्याचा बाणा होता. संताप फार काळ टिकत नाहीं. तो ओसरल्यावर ज्यांनीं पंकनें मिळवून दिलेलें स्वातंत्र्य ठेवलें, परंतु तोंड बाहेरच्या शत्रूकडून आंतल्या अंधाराकडे वळविलें, त्यांच्या संगीतास ‘पोस्ट-पंक’ म्हणतात. त्यांतलीच अधिक काळोखी शाखा ती ‘गॉथ’. हा शब्द मूळचा एका प्राचीन जर्मन वंशाच्या लोकांचा. तो पुढें मध्ययुगीन वास्तुशिल्पास लागला. १७६४ सालीं होरेस वॉलपोल यानें ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही भयकथा लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तींत तिला ‘गॉथिक कथा’ म्हटलें, तेव्हांपासून तो वाङ्मयांत आला. आणि दोनशें वर्षांनीं तो संगीतांत उतरला. म्हणजे या संगीताचें नांवच मुळीं ग्रंथालयांतून आलेलें आहे. स्मिथनें स्वतः हें बिरुद कधीं मानलें नाहीं, आणि त्याच्या मंडळीनें हलकींफुलकीं, नाचतीं गाणींही पुष्कळ केलीं आहेत, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे.

१९७८ च्या डिसेंबरांत त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यावरील गाण्याचें शीर्षक ‘किलिंग अ‍ॅन अ‍ॅरब’. सरळ मराठींत, ‘एका अरबाला मारतांना’. कामूच्या कादंबरींतील मोक्याच्या क्षणांचा आपल्या मनावर उमटलेला ठसा थोडक्यांत, काव्यरूपानें मांडण्याचा तो प्रयत्न होता, असें स्मिथनें पुढें सांगितलें आहे. लिहिला तेव्हां तो शाळेंतच होता.

कादंबरीची मांडणी वाचकांस ठाऊक असेल. फ्रेंच अंमलाखालील अल्जीरियांत राहणारा मेर्सो आईच्या अंत्ययात्रेंत रडत नाहीं. पुढें एका दुपारीं समुद्रकांठीं तो एका अरबाला गोळ्या घालतो. आणि उत्तरार्धांत त्याच्यावर खटला चालतो, तो खुनाचा कमी आणि न रडल्याचा अधिक. गाण्याच्या वाट्याला मिनिटें जेमतेम अडीच. त्यांत आई बसली नाहीं, खटला बसला नाहीं, देहदंडाची वाट पाहतांनाची अस्वस्थता बसली नाहीं. उरलें काय, तर वाळू, ऊन, पिस्तुल आणि एक मेलेला मनुष्य. आपल्या रसशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर त्या मुलानें विभाव तेवढा उचलला, आणि ज्याच्यासाठीं तो विभाव उभा केला होता तो भाव वाटेंत सांडला.

त्याचा परिणाम आठ वर्षांनीं दिसला. १९८६ त या मंडळीनें आपल्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला आणि त्यास नांव दिलें तें याच गाण्याच्या आरंभींच्या शब्दांवरून. तोंपर्यंत अमेरिकेंत त्यांचे चाहते वाढले होते, आणि त्याच काळांत तेथें अरबांविषयींचा द्वेषही वाढीस लागला होता. कांहीं नभोवाणी-निवेदकांनीं गाण्याचें शीर्षक द्वेषाची आरोळी म्हणून वापरलें. अरब-अमेरिकन नागरिकांच्या संघटनेनें हरकत घेतली. स्मिथनें गाणें मागें घेतलें नाहीं; परंतु या गाण्याचा वंशद्वेषासाठीं होणारा वापर आपणांस निंद्य वाटतो, अशा अर्थाची चिठ्ठी संग्रहाच्या वेष्टनावर लावण्यास त्यानें मान्यता दिली, आणि नभोवाणी केंद्रांनीं तें वाजवूं नये अशी विनंती करण्यांत आली. पुढें रंगमंचावर शब्दही बदलले. २००५ सालीं ‘मारण्या’च्या जागीं ‘चुंबन’ आलें. नंतर एकदां अरबाच्या जागीं ‘मोबी डिक’ मधील कप्तान अहाब आला. ज्या लेखकाला आपल्या पहिल्या कृतीचें शीर्षक असें पुनःपुन्हां झांकावें लागतें, त्याची अवस्था अनुकंपनीय नव्हे काय?

या वादांत दोन मतें सहज सुचतात. एक असें कीं, हरकत घेणारे अडाणी. त्यांनीं मूळ पुस्तक वाचलें असतें तर वाद उरलाच नसता. दुसरें असें कीं, गाणेंच दुष्ट बुद्धीनें लिहिलेलें. दुसरें मत उघड खोटें आहे. परंतु पहिलें मत, जें माझ्या पेशाच्या माणसास फार गोड लागतें, तेंही खरें नाहीं. पुस्तक वाचणाऱ्यास त्या मेलेल्या माणसाविषयीं अधिक काय कळतें? सबंध कादंबरींत त्याला नांव नाहीं, आणि खटल्यांत त्याच्यासाठीं कोणी रडत नाहीं. १९४२ पासून लक्षावधि वाचकांनीं मेर्सोच्या आत्म्याची चिंता वाहिली. त्या अरबाच्या घरीं त्या रात्रीं काय झालें असेल, हें विचारण्याचें आम्हांपैकीं फार थोड्यांस सुचलें. ती उणीव २०१३ सालीं अल्जीरियाच्याच कामेल दाऊद या लेखकानें भरून काढली. त्याच्या कादंबरींत मृताचा धाकटा भाऊ म्हातारपणीं बोलूं लागतो आणि सांगतो कीं, माझ्या भावाला नांव होतें, मूसा. तेव्हां ज्या श्रोत्यानें कामू न वाचतां केवळ शीर्षक ऐकून ‘हा अरब कोण?’ असें विचारलें, त्यानें नकळत मूळ ग्रंथाच्याच वर्मावर बोट ठेविलें होतें. गाण्यानें कादंबरीचा विपर्यास केला हें खरें. पण तिच्यांतील एक मौन उघड्यावर आणलें, हेंही तितकेंच खरें.

ग्रंथाकडून घेण्याचे प्रकार पुढें बदलत गेले, तोच या मंडळीचा खरा इतिहास आहे. सायमन गॅलप हा बेसवादक आल्यानंतर १९८० ते १९८२ या तीन वर्षांत ‘सेव्हन्टीन सेकंड्स’, ‘फेथ’ आणि ‘पोर्नोग्राफी’ असे तीन संग्रह निघाले. क्रमाक्रमानें अधिक संथ आणि अधिक काळे. ‘फेथ’ मधील ‘द ड्राउनिंग मॅन’ या गाण्याचा आधार मर्विन पीक याची १९५० सालची ‘गॉर्मेनघास्ट’ ही कादंबरी. पुराचें पाणी वाड्याच्या खिडकीपर्यंत चढलेलें असतां फ्यूशिया ही एकाकी मुलगी खिडकींत उभी राहून मृत्यूचा विचार करते. इतक्यांत दारावर थाप पडते, ती दचकते, पाय निसटतो आणि ती बुडते. तिनें जीव दिला कीं तो गेला, हें सांगतां येत नाहीं. येथें गाण्यानें नुसती घटना घेतली नाहीं. ती संदिग्धता घेतली.

त्याच १९८१ सालचें ‘शार्लट समटाइम्स’ हें गाणें पेनेलपी फार्मर या लेखिकेच्या १९६९ मधील बालकादंबरीवरून घेतलेलें आहे, शीर्षकही तेंच. वसतिगृहांत आलेली शार्लट सकाळीं जागी होते तों काळ चाळीसएक वर्षें मागें, १९१८ त, गेलेला, आणि सारे तिला क्लेअर या दुसऱ्याच मुलीच्या नांवानें हांक मारतात. मग एक दिवस ती स्वतः, एक दिवस क्लेअर, असें चालतें. शेवटीं शार्लट आपल्या काळांत परत येते. पण क्लेअर मात्र युद्धानंतर इन्फ्लुएंझानें दगावल्याचें तिला कळतें. ज्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत आणि जिच्या कहाण्या आपल्या आज्या-पणज्या सांगत, तीच ही. मुलांचें पुस्तक म्हणून विद्वान् ज्याला हात लावीत नाहींत, त्यांत ‘मी कोण?’ हा प्रश्न आहे, हें या वादकांनीं ओळखलें. आणि या खेपेस मेलेल्या मुलीला नांव होतें.

१९८७ त बोदलेअरची पाळी आली. त्याच्या गद्यकाव्यांपैकीं ‘गरिबांचे डोळे’ या प्रकरणांत एक प्रेमी युगुल झगझगीत नव्या उपाहारगृहांत बसलें आहे. बाहेर एक दरिद्री बाप दोन लेंकरांसह आंतल्या थाटाकडे टक लावून पाहत आहे. पुरुषास आपल्या भरल्या पेल्यांची लाज वाटते. तोच भाव प्रियेच्या डोळ्यांत शोधावा म्हणून तो वळतो, तर ती म्हणते, या लोकांना येथून घालवून द्या. ‘हाउ ब्यूटिफुल यू आर’ हें गाणें ही कथा जवळजवळ जशीच्या तशी सांगतें आणि प्रेमांतही माणूस माणसाला अज्ञातच राहतो या निष्कर्षापर्यंत तिला पोंचवितें. पहिल्या गाण्यांत जें निसटलें तें येथें हातीं लागलें: कथेसह तिचा विचारही आला.

आणि अखेर २०२४. सोळा वर्षांच्या खंडानंतर १ नोव्हेंबर रोजीं ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा संग्रह निघाला आणि इंग्लंडांत विक्रींत पहिल्या क्रमांकावर गेला. स्मिथ तेव्हां पासष्ट वर्षांचा होता. संग्रहाचें पहिलें गाणें कसें सुरू करावें हें सुचेना, तेव्हां अर्नेस्ट डाउसन या कवीची ‘ड्रेग्ज’, म्हणजे पेल्याच्या तळाचा गाळ, ही कविता उपयोगीं पडली, असें त्यानें सांगितलें आहे. डाउसन १९०० सालीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं वारला. येथें कथा नाहीं, पात्र नाहीं, घटनाही नाहीं. घेतला आहे तो केवळ स्थायी भाव. मधल्या काळांत स्मिथचे आईबाप गेले, थोरला भाऊ रिचर्ड गेला; त्या भावाच्या मृत्यूवर या संग्रहांत एक स्वतंत्र गाणें आहे.

हें वाचलें तेव्हां मला दाऊदच्या कादंबरींतील म्हातारा आठवला. शाळेंतल्या मुलानें मृत्यु पुस्तकांतून उचलला होता. तो कोणाचाच नव्हता, म्हणून त्याला नांवाची गरज भासली नाहीं. पासष्टाव्या वर्षीं गाणारा स्वतःच मृताचा भाऊ होता. असल्या परिवर्तनाचें श्रेय एकट्या पुस्तकांना देणें हा प्राध्यापकी अहंकार होईल. पुस्तकें दार दाखवितात. आंत नेतें तें आयुष्य. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षें तीं दारें उघडीं ठेवणें, हेंही कांहीं लहान काम नव्हे.

आतां ती कादंबरी शिकवितांना मी समुद्रकांठच्या त्या पानावर थांबतों आणि त्या विद्यार्थ्याचाच प्रश्न वर्गापुढें ठेवतों. नांव पुस्तकांत नाहीं, हें सांगायला वेळ लागत नाहीं. कां नाहीं, हें सांगण्यांत तास संपतो.