लिंबूटिंबूची जागा

मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदानाकडे पाठ फिरवू लागला, की घरात प्रथम दोष दिला जातो तो त्याच्या आळसाला आणि नंतर मोबाइलला. आम्हांस मात्र ह्या गोष्टीचे मूळ मुलापेक्षा मैदानाच्या इतिहासात अधिक आढळते.

शालेय चढाओढीच्या खेळांना आज जे रूप आहे, त्याचा एक उगम एका परिपत्रकात आहे. (सरकारी नोकरीतल्या वाचकांस ह्याचे नवल वाटू नये.) इंग्लंडातील मार्लबरोच्या शाळेत १८५१ साली विद्यार्थ्यांनी बंड केले. पुढल्या वर्षी तेथे मुख्याध्यापक म्हणून आलेल्या जॉर्ज कॉटन ह्यांनी १८५३ मध्ये पालकांना परिपत्रक धाडून संघटित खेळांचा पुरस्कार केला. मुलांनी रानोमाळ भटकू नये, शिक्षकांच्या नजरेखाली राहावे, हा हेतू उघड होता. हेच कॉटन १८५८ साली कलकत्त्याचे बिशप झाले आणि १८५९ मध्ये त्यांनी सिमल्यास शाळा काढली. म्हणजे हा खेळ आपल्याकडे आला तो शिस्तीचे साधन म्हणून. मुलाच्या आनंदाचा विचार त्यात दुय्यमच होता.

आपल्या आळीतले खेळ निराळे होते. हुतुतू, लगोरी, विटीदांडू ह्यांत भांडणे होत, हारजीतही होई. परंतु धाकट्याला वा दुबळ्याला 'लिंबूटिंबू' म्हणून डावात घेतले जाई. तो बाद झाला तरी बाद धरला जात नसे. निवडयादीत लिंबूटिंबूला जागा नाही.

१९५४ साली अखिल भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला. पुढे स्पर्धांसाठी चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे गट रूढ झाले. ४ ऑगस्ट १९८० च्या केंद्रीय आदेशाने राष्ट्रीय शालेय स्पर्धांत राज्याकडून खेळलेल्यांना काही पदांवरील भरतीसाठी पात्र ठरविले. आदेश न्याय्यच होता. पण शिस्तीचे साधन त्याने प्रमाणपत्राचेही साधन केले. ज्याला प्रमाणपत्र मिळण्याचा संभव नाही, त्याने खेळावे कशाला, हा हिशेब मग बापाच्या मनात आधी येतो, मुलाच्या मनात मागाहून. त्यातच ह्या वयात एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर अंतर पडते. जो आधी वाढला तो संघात जातो, आणि जो दोन वर्षांनी वाढणार असतो तो तोवर शिकवणीच्या वर्गात बसलेला असतो.

नॉर्वेच्या क्रीडासंघटनेने मुलांच्या खेळासाठी जे नियम केले, त्यांत तेरा वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा वर्ज्य आहेत. तो देश हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकांच्या रांगेत मागे राहिलेला नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये चालू झाली. अभ्यासक्रम सर्वत्र एक राहिला, त्यामुळे पुस्तके तुटत नाहीत. संघ मात्र तुटतो. आवडीला तामिळनाडूत संघात असलेला मुलगा आसामात पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहतो. वास्तविक परक्या गावी भाषा येते ती मैदानावरच, आठ-पंधरा दिवसांत. यादीत नाव नसलेला मुलगा संध्याकाळी घरीच राहतो, आणि जुन्या गावच्या सवंगड्यांना निरोप पाठवीत बसतो.