अल्पकर्बोदक आहार
धान्य व साखर यांतील कर्बोदके (पिष्ट व शर्करा) घटवून प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ वाढविणारी ही आहारपद्धती १८६३ मध्ये विल्यम बँटिंग यांच्या लंडनमध्ये निघालेल्या पुस्तिकेमुळे लोकप्रिय झाली. कर्बोदके कमी पडताच यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेन हा शर्करेचा साठा खर्ची पडतो आणि त्यासोबत पाणीही जाते. म्हणून पहिल्या आठवड्यातील वजनातील घट बरीचशी पाण्याचीच असते. परभणी जिल्ह्यात ज्वारीची भाकरी रोजच्या जेवणात असून शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, त्यामुळे ती सोडण्यापेक्षा निम्मी करून जोडीला मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी व ताक घेणे अधिक काळ निभते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण लोह व जस्त यांसाठी ओळखले जाते, कमी कर्बोदकांसाठी नव्हे. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी वैद्यकीय सल्ल्याविना हा आहार सुरू करू नये.