चौदावी पेनल्टी

एका गुणाने काय होतं? संडरलंडला विचारा. १९९७-९८ च्या हंगामात ४६ सामन्यांत ९० गुण मिळवूनही इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधली थेट बढती त्यांची एका गुणाने हुकली. मग उरला प्ले-ऑफ. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ, आणि वर जाणार एकच.

२५ मे १९९८ ला वेम्बलीवर फायनल झाली. समोर होता चौथ्या क्रमांकाचा चार्लटन. जादा वेळेनंतरही ४-४! चार्लटनचे तीन गोल क्लाइव्ह मेंडोंकाचे. गंमत म्हणजे हा संडरलंडचा आणि लहानपणापासून त्याच संघाचा चाहता!

पेनल्टी सुरू झाल्या. ओळीने तेरा गोल. चौदावी मारायला आला मायकेल ग्रे, तोही संडरलंडचाच पोरगा. गोलकीपर इलिचने ती अडवली. संपलं सगळं. गावच्या एका पोराने रडवलं, दुसरा रडला.

पण पुढच्याच वर्षी संडरलंड तब्बल १०५ गुणांनी पहिला आला, चार्लटन परत खाली घसरला, आणि ग्रे इंग्लंडकडून खेळला.

आमच्या घरात कुणाचा नंबर एका मार्काने हुकला, की मी ही गोष्ट सांगतो. त्या दिवशी ती कुणालाच पटत नाही म्हणा. वर्षभराने पटते.