लिओपोल्डच्या पत्नीला काय ठाऊक होते?

व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यातील हिमोफिलिया म्हटला की रशियाचा युवराज अलेक्सेई आणि रासपुतिन यांचीच गोष्ट सांगितली जाते. अलेक्सेईच्या जन्माआधी बावीस वर्षे ज्या तरुणीने या आजाराशी डोळसपणे लग्नगाठ बांधली, ती मात्र विस्मरणात गेली आहे.

२७ एप्रिल १८८२. विंडसर येथे राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड आणि जर्मनीतील वाल्डेक संस्थानाची राजकन्या हेलेना यांचा विवाह झाला. वर एकोणतीस वर्षांचा, वधू एकवीस वर्षांची. दुखावलेल्या पायामुळे वराच्या हातात काठी होती.

वराचा आजार गुपित नव्हता. १८६८ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याच्या गंभीर रक्तस्रावाची बातमी आली होती. साधा मुका मार लागला तरी सांध्यात रक्त साचे आणि तो आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. म्हणूनच आईने त्याला जन्मभर जपले. जपले म्हणण्यापेक्षा कोंडलेच.

मग हेलेनाला या आजाराविषयी नेमके काय कळू शकत होते? वैद्यकाकडे नाव होते आणि निरीक्षणही होते. फिलाडेल्फियाच्या जॉन ऑटो यांनी १८०३ मध्येच नोंदवले होते की रक्तस्राव पुरुषांना होतो, पण वारसा स्त्रियांकडून जातो. १८२० मध्ये जर्मन वैद्य नासे यांनी त्याला नियमाचे रूप दिले: अशा पुरुषाच्या मुली स्वतः निरोगी राहतात, पण त्यांच्या मुलांत आजार उतरतो. इंग्रजीत विकहॅम लेग यांचा या विषयावरील ग्रंथ १८७२ मध्ये निघालेला होता. मात्र असे का घडते, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. उपचारही नव्हता, होती ती विश्रांती आणि सावधगिरी.

फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांना मुलगी झाली, ॲलिस. पुढल्या वर्षी लिओपोल्ड हवापालटासाठी फ्रान्समध्ये कान येथे गेला. हेलेना पुन्हा गर्भवती असल्याने इंग्लंडमध्येच राहिली. २७ मार्च १८८४ रोजी तो घसरून पडला, गुडघ्याला मार लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा मृत्यू झाला. मेंदूतील रक्तस्राव हे कारण मानले जाते.

जुलैमध्ये मुलगा जन्मला, चार्ल्स एडवर्ड. तो निरोगी निघाला आणि तसाच निघणार होता: सदोष जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते आणि मुलाला पित्याकडून ‘वाय’ मिळते. ॲलिसच्या वाट्याला मात्र पित्याचे तेच ‘एक्स’ अटळपणे आले. ही उकल विसाव्या शतकातली. घराण्यातला आजार ‘हिमोफिलिया बी’ होता, हे तर २००९ मध्ये रोमानोव्ह कुटुंबाच्या अस्थींमधील डीएनएवरून ठरले.

ॲलिसचा मुलगा रूपर्ट हिमोफिलिया घेऊनच जन्मला. एप्रिल १९२८ मध्ये फ्रान्समधील मोटार अपघातानंतर, वयाच्या विसाव्या वर्षी, तो गेला. हेलेनाचा मृत्यू १९२२ मध्ये झाला होता.