पोटगी

पती-पत्नींपैकी स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीला दुसऱ्याने कायद्याने द्यावयाची निर्वाहाची रक्कम. अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांच्या खर्चाचा विचार करून ती ठरविण्यात येते. दावा चालू असताना मिळणारी ती अंतरिम पोटगी व हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतर ठरणारी ती कायम पोटगी होय. कायम पोटगी दरमहा किंवा एकरकमी देता येते. अपत्ये व आईवडील यांनाही पोटगीचा हक्क आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः घटस्फोटानंतरच्या पोटगीचा विचार केला आहे. विवाह टिकून असेपर्यंतच मानले जाणारे हे कर्तव्य विवाह संपल्यानंतरही कायम राहावे, या तत्त्वाचा क्रमाक्रमाने झालेला स्वीकार हा पोटगीच्या भारतीय इतिहासाचा गाभा आहे.

प्राचीन व रूढ विधी : धर्मशास्त्राने पत्नीचे भरणपोषण हे पतीचे कर्तव्य मानले. याज्ञवल्क्यस्मृतीत अधिविन्नेचे, म्हणजे जिच्यावर सवत आणली आहे अशा स्त्रीचे, पोषण करण्यास सांगितले असून आज्ञाधारक व कर्तव्यदक्ष पत्नीचा त्याग करणाऱ्याने तिला संपत्तीचा तृतीयांश द्यावा आणि तो निर्धन असल्यास तिचे पोषण करावे, असा दंडक घालून दिला आहे. मात्र धर्मशास्त्रोक्त विवाह अविच्छेद्य मानला गेल्याने घटस्फोटितेच्या पोटगीचा प्रश्न त्यात उद्‌भवला नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड रूढ होती. तीनंतर स्त्रीला पाट लावता येई. मुस्लिम विधीत घटस्फोट मान्य असला, तरी पतीचे पोषणाचे दायित्व सामान्यतः इद्दतीच्या काळापुरते समजले जाई. मेहरचा हक्क स्वतंत्र होता.

ब्रिटिश अंमल : १८६९ च्या भारतीय घटस्फोट अधिनियमाने ख्रिस्ती पत्नीला दाव्याच्या काळातील व कायम अशा दोन्ही प्रकारच्या पोटगीची तरतूद केली. दाव्याच्या काळातील पोटगी पतीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून अधिक नसावी, अशी मर्यादा होती. ती २००१ मध्ये रद्द झाली. सर्वधर्मीयांना लागू होणारा उपाय मात्र फौजदारी कायद्यात निर्माण झाला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, ऐपत असूनही पत्नी व अपत्ये यांची हेळसांड करणाऱ्यास दरमहा रक्कम देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास दिला. निराधारांना भिकेला लागू न देणे, हा त्यामागील हेतू होता. १८९८ च्या संहितेच्या कलम ४८८ मध्ये दरमहा ५० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती १९२३ मध्ये १०० व १९५५ मध्ये ५०० रुपये करण्यात आली. या उपायात एक मोठी पळवाट होती. तो केवळ पत्नीलाच उपलब्ध असल्याने पतीने तलाक देताच आदेश निष्प्रभ ठरे.

स्वातंत्र्योत्तर विधी : बडोदे संस्थानात १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९४७ मध्ये हिंदूंना कायद्याने घटस्फोट मिळू लागला. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने तो देशव्यापी केला. त्याच्या कलम २४ व २५ अन्वये पती किंवा पत्नी यांपैकी कोणासही पोटगी मागता येते. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमात हा हक्क पत्नीसच आहे. गोव्यात पोर्तुगीज कायद्याची परंपरा टिकून असून तेथील सर्वसाधारण पद्धतीत पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे घटस्फोटाच्या वेळी पोटगीखेरीज निम्म्या हिश्श्याचाही प्रश्न येतो. अन्यत्र असा हिस्सा नसल्याने घटस्फोटितेची भिस्त प्रामुख्याने पोटगीवरच राहिली.

१ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने ‘पत्नी’ या संज्ञेत पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचा समावेश केला व जुनी पळवाट बंद झाली. पत्नी जेथे राहत असेल, तेथील न्यायालयात अर्ज करण्याची मुभाही तिला मिळाली. या कलमावरून उद्‌भवलेला सर्वांत गाजलेला वाद शाहबानो यांचा होय. इंदूरच्या या वृद्ध स्त्रीने १९७८ मध्ये दरमहा ५०० रुपयांची मागणी केली. अर्ज प्रलंबित असताना वकील असलेल्या पतीने तिला तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने २५ रुपये मंजूर केले; उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने पतीचे अपील फेटाळले. निर्णयावर तीव्र प्रतिक्रिया उमटून १९८६ मध्ये मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. डॅनियल लतिफी खटल्यात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. तथापि पतीने स्त्रीच्या पुढील आयुष्यासाठी वाजवी तरतूद इद्दतीच्या काळातच केली पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. कलम १२५ खालील उपायही मुस्लिम घटस्फोटितेस खुला आहे, असा निर्णय याच न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी दिला. १ जुलै २०२४ पासून या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.

विधिसाहाय्य व अंमलबजावणी : हक्क विस्तारला, तरी तो पदरात पडणे वेगळे. १९५५ ची ५०० रुपयांची मर्यादा महागाई वाढूनही दीर्घकाळ तशीच राहिली. महाराष्ट्राने ती १९९९ मध्ये १,५०० रुपये केली व २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. त्याच वेळी अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लावण्याची तरतूद झाली. मुंबई राज्यात विधिसाहाय्याचा विचार १९४९ मध्ये न्या. एन्. एच्. भगवती समितीने केला होता. १९७६ मध्ये मोफत विधिसाहाय्याचे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३९-क मध्ये समाविष्ट झाले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला; त्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. तालुका व जिल्हा पातळीवरील विधी सेवा संस्थांकडे त्यासाठी अर्ज करता येतो. १९८४ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांत वकील देण्याचा पक्षकारास हक्क नसून न्यायालयाची परवानगी लागते. समुपदेशनावर तेथे भर असतो.

पतीचे खरे उत्पन्न सिद्ध करणे ही अर्जदार स्त्रीची मोठी अडचण असते. रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरविले. विवाहाचा काळ, जीवनमान, शिक्षण, नोकरी व अपत्यसंगोपन या बाबी रक्कम ठरविताना विचारात घ्यावयाच्या आहेत. थकबाकी वसूल करण्यासाठी दंडाधिकारी वॉरंट काढू शकतो व तरीही रक्कम न दिल्यास कैद देऊ शकतो. मात्र वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत माहीत नसल्याने जुनी थकबाकी या मार्गाने वसूल होऊ शकत नाही. पोटगी ही दैनंदिन निर्वाहासाठी असल्यामुळे तिच्या बाबतीत विलंब हा जवळजवळ नकारासारखाच ठरतो. म्हणूनच आदेशाइतकेच महत्त्व त्याच्या तत्पर अंमलबजावणीला आहे.