सोन्याच्या डबीतली खापरे

माउली, नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेला जुने सोपारे गाव आहे. हेच प्राचीन शूर्पारक बंदर. तिथल्या एका टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत कोट नव्हता, बौद्ध स्तूप होता.

स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. एवढ्या बंदोबस्तात काय जपले होते म्हणाल, तर मातीच्या भांड्याचे तेरा इवलेसे तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे म्हणून भक्तांनी पुजले असावेत, असे भगवानलालांनी मानले. सोबत सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

विठोबाला संतांनी बौद्धावतार म्हटले आहे, तेव्हा हा ठेवा आपल्याला परका नाही. आणि गंमत पाहा, ज्याने हे अर्पण केले त्याच्या लेखी सोने हे वेष्टन होते. खरी भेट खापराची.

पेरिप्लस नावाच्या जुन्या ग्रीक ग्रंथात सोपाऱ्याबरोबर तगर नगराचेही नाव येते. तगर म्हणजे आपले तेर, गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळी तिथे जमली असता काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. नामदेवराय रागावले आणि कच्चे ठरले.

कच्चे म्हणजे काय, हे आव्यापाशी उभे राहिल्यावर कळते. उथळ खड्ड्यात गोवऱ्या नि काटक्यांचा थर, त्यावर मडकी, वर पुन्हा गोवऱ्या, पेंढा आणि राख. आत वारा खेळता राहिला तर मडके लाल होते, धूर कोंडला तर काळे. उन्हात वाळलेले मडके कितीही सुबक दिसो, पाण्यात ठेवले की त्याचा चिखल होतो. सुमारे ६०० अंशांच्या पुढे धग गेली की मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते, आणि मग ती माती पुन्हा चिखल होत नाही. म्हणून तर सोपाऱ्याची खापरे आपल्यापर्यंत पोहोचली. मात्र कच्च्या मडक्याची माती भिजवून पुन्हा चाकावर घेता येते. काकांच्या शब्दात निंदा होती असे मला म्हणूनच वाटत नाही. नामदेवराय पुढे विसोबा खेचरांकडे गेलेच की.

मडके देण्याची रीत आपल्या घरांत अजून आहे. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावे पाण्याने भरलेला घट देतात. संक्रांतीला सुगडात ऊस, बोरे, हरभरा, ओंब्या भरून सुवासिनी एकमेकींना वाण देतात. वसई-विरारच्या बाजारात त्या दिवसांत सुगडांचे ढीग लागतात, त्यांत चकचकीत रंगवलेलीही असतात. शहरात आव्याला मोकळी जागा आणि गोवऱ्या मिळणे कुंभाराला अवघड झाले आहे. तेव्हा रंग पाहू नका, बोटाने टिचकी मारा. नीट भाजलेले सुगड खणखणते. कच्च्याचा आवाज बद्द येतो, आणि ओली बोरे भरली की घरी पोहोचेपर्यंत त्याचे बूड मऊ पडते.